वाचकांचे प्रश्न : बंद दाराआडचे राजकारण आणि अर्थकारण

सरकारचे मोठे आर्थिक निर्णय नेमके कसे होतात, याविषयी या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. काहींचा सूर संतापाचा आहे, काहींचा कुतूहलाचा. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून आणि मजकूर थोडा आटोपशीर करून ते उत्तरांसह पुढे दिले आहेत.

प्रश्न : मंत्रिमंडळाच्या बंद बैठकीत अखेर कोणाचे चालते, राजकारणाचे की अर्थशास्त्राचे? अर्थतज्ज्ञ एक सांगतात आणि राजकारणी मतांवर डोळा ठेवून नेमके उलटे करतात, असे वाटते. हे खरे आहे का?

उत्तर : बाहेरून तसे दिसते खरे, पण आतले चित्र वेगळे असते. एखाद्या गोष्टीची किंमत कोणाला ना कोणाला मोजावी लागणार, एवढेच अर्थशास्त्र बहुधा ठामपणे सांगू शकते. ती किंमत कोणी मोजायची, आज की पाच वर्षांनी, आणि कराच्या रूपाने की महागाईच्या, हे ठरवणे हे राजकारणाचे काम. त्यामुळे दोघांत कुस्ती लागली आहे आणि एकाची पाठ टेकणार आहे, असे सहसा घडत नाही. बहुतेक वेळा आर्थिक अडचण बैठक बोलावण्यास भाग पाडते आणि त्या बैठकीतून काय बाहेर पडायचे, ते राजकीय सोय ठरवते.

अमेरिकेत ऑगस्ट १९७१ मध्ये झालेली बैठक या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या व्यवस्थेनुसार परदेशी मध्यवर्ती बँकांना आपल्याकडील डॉलर देऊन एका औंसाला ३५ डॉलर या दराने अमेरिकेकडून सोने घेता येत असे. मात्र १९७१ पर्यंत परदेशांत साठलेले डॉलर अमेरिकेकडील सोन्याच्या किमतीहून कितीतरी अधिक झाले होते, आणि सर्वांनी एकदम सोने मागितले तर ते देता येणार नाही, हे जाणकारांना दिसत होते. ही झाली आर्थिक अडचण. १३ ऑगस्ट रोजी, शुक्रवारी, अध्यक्ष रिचर्ड निक्सन मोजक्या सल्लागारांना घेऊन कॅम्प डेव्हिड या अध्यक्षांच्या विश्रामस्थळी गेले. अर्थमंत्री जॉन कॉनली, मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष आर्थर बर्न्स, अंदाजपत्रकाचे काम पाहणारे जॉर्ज शुल्त्झ आणि अर्थखात्यातील पॉल व्होल्कर त्यांच्यासोबत होते. निर्णयाचा फटका जपानपासून पश्चिम जर्मनीपर्यंत प्रत्येक मित्रदेशाला बसणार होता, तरीही परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स यांना बोलावण्यात आले नव्हते. खोलीत कोण नाही, यावरूनही निर्णयाचा कल ओळखता येतो. परराष्ट्रखात्याचा माणूस तेथे असता, तर मित्रदेशांना काय वाटेल हा प्रश्न त्याने पहिल्याच तासात उपस्थित केला असता.

रविवारी, १५ ऑगस्टच्या रात्री निक्सन यांनी दूरचित्रवाणीवरून तीन मुख्य घोषणा केल्या. डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबले, आयातीवर १० टक्के अधिभार लागला, आणि देशातील वेतन व किमती ९० दिवसांसाठी गोठवण्यात आल्या. यांपैकी पहिली घोषणा परिस्थितीने लादलेली होती, जरी बर्न्स यांचा तिलाही विरोध होता. तिसरी मात्र लादलेली नव्हती. निक्सन यांनी तरुणपणी, युद्धकाळात, किंमतनियंत्रण करणाऱ्या सरकारी कार्यालयात काही महिने नोकरी केली होती आणि अशा नियंत्रणांविषयी त्यांचे मत वाईटच होते. अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) १९७० मध्ये किमती गोठवण्याचा अधिकार दिला, तेव्हाही तो वापरण्याची त्यांची तयारी नव्हती. पण पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात निवडणूक होती, आणि सोन्याशी असलेला संबंध तोडणे ही माघार न वाटता धडाडी वाटावी, यासाठी सोबत काहीतरी लोकप्रिय देणे भाग होते. गंमत अशी की, हा गोठवणुकीचा आदेश कच्च्या शेतमालाला लागू नव्हता. असे अपवाद आपोआप होत नाहीत, कोणीतरी आग्रहाने ते लिहून घेतलेले असतात.

१९७२ च्या निवडणुकीत निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. किंमतनियंत्रणे वेगवेगळ्या टप्प्यांत १९७४ पर्यंत रेंगाळली, आणि त्या वर्षी महागाई ११ टक्क्यांच्या आसपास पोहोचली. तेलाचे भाव भडकल्याचाही त्यात मोठा हात होता, हे येथे सांगितले पाहिजे. तरीही तीन घोषणांपैकी आर्थिक कोणती आणि राजकीय कोणती, असे कोणी विचारले, तर एकाच भाषणात दोन्हींची वीण इतकी घट्ट होती की, त्या खोलीतल्या माणसांनाही ती वेगळी करता आली असती की नाही, याची मला शंका आहे.

प्रश्न : अशा बैठकांत खरोखर चर्चा होते का, की सारे आधीच ठरलेले असते आणि बैठक केवळ शिक्कामोर्तबापुरती असते?

उत्तर : बहुतांशी आधीच ठरलेले असते, मात्र ते एका रात्रीत, एका माणसाने ठरवलेले नसते. निर्णयाचा खरा आकार बैठकीपुढे येणाऱ्या टिपणीत घडतो. कोणत्याही देशातील अशी टिपणी उघडून पाहिली तर रचना साधारण एकच दिसते. आधी पार्श्वभूमी, मग पर्याय, मग आर्थिक भार, मग इतर खात्यांचे अभिप्राय आणि शेवटी मंजुरीसाठीचा नेमका परिच्छेद. मंत्र्यांपैकी अनेकजण हा शेवटचा परिच्छेदच काळजीपूर्वक वाचतात, आणि ज्यांच्यापुढे एका सकाळी डझनभर विषय असतात त्यांना त्याबद्दल फार दोषही देता येत नाही.

कसब पर्यायांच्या परिच्छेदात असते. अनुभवी अधिकारी तीन पर्याय मांडतो. पहिला म्हणजे काहीच न करणे, आणि तो बेजबाबदार वाटेल अशा शब्दांत लिहिलेला असतो; तिसरा इतका खर्चिक असतो की अर्थखाते तो पाहताच नाकारील; उरतो तो मधला. मंत्र्याने निवड केली असे इतिवृत्तात येते, पण निवडीची चौकट दुसऱ्याच कोणीतरी आखलेली असते. चौथा पर्याय टिपणीत का नाही, हे विचारणारा मंत्री विरळाच, आणि असा मंत्री अधिकाऱ्यांना फारसा आवडतही नाही.

अर्थखात्याच्या अभिप्रायाचेही असेच आहे. स्पष्ट ‘असहमत’ हा शेरा क्वचित येतो, कारण त्याने उघड भांडण होते. त्याऐवजी ‘तत्त्वतः हरकत नाही, मात्र वाढीव खर्च संबंधित खात्याने आपल्या मंजूर तरतुदीतूनच भागवावा’ असे लिहिले जाते. योजना मंजूर होते, घोषणा होते, पैसे मात्र येत नाहीत. कागदावर कोणीही नकार दिलेला नसतो.

तरीही खरी चर्चा होतच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ब्रिटनमध्ये १९७६ च्या अखेरीस पौंड घसरत असताना अर्थमंत्री डेनिस हीली यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे ३.९ अब्ज डॉलरचे कर्ज मागितले, आणि त्यासाठी सरकारी खर्चात कपातीची अट आली. सत्ताधारी मजूर पक्षातच यावर तीव्र मतभेद होते. पंतप्रधान जेम्स कॅलाहॅन यांनी घाई केली नाही. त्यांनी मंत्रिमंडळाच्या एकामागून एक बैठका घेतल्या आणि प्रत्येक गटाला आपला पर्याय पूर्णपणे मांडू दिला. मंत्री टोनी बेन यांनी आयातीवर निर्बंध घालण्याची योजना मांडली. परराष्ट्रमंत्री टोनी क्रॉसलँड यांनी कपातीची आर्थिक गरजच नाही, असा युक्तिवाद केला, आणि तो दुबळा मुळीच नव्हता. अखेरीस क्रॉसलँड यांनीच माघार घेतली. आर्थिकदृष्ट्या आपले मत बदललेले नाही, पण पंतप्रधानांचा पराभव झाला तर त्याचे परिणाम अधिक वाईट होतील, अशी त्यांची भूमिका होती. ज्या माणसाचा आर्थिक युक्तिवाद सर्वांत भक्कम होता, त्याने तो राजकीय कारणासाठी बाजूला ठेवला, आणि त्यामुळेच निर्णय झाला.

या कथेला एक शेपूट आहे. ज्या सरकारी तुटीच्या अंदाजावर हा सारा वाद पेटला होता, तो अंदाज प्रत्यक्षातील तुटीपेक्षा बराच फुगलेला निघाला, आणि मंजूर कर्जापैकी साधारण निम्मेच उचलावे लागले. आकडा योग्य असता तर नाणेनिधीकडे जावेच लागले नसते, असे हीली यांनी पुढे म्हटले. मंत्री आकड्यांवरून भांडतात, पण आकडा कोठून आला हे विचारण्याइतका वेळ आणि ज्ञान त्यांच्याकडे अभावानेच असते.

प्रश्न : सरकारजवळ एवढे तज्ज्ञ असताना संकटाच्या वेळी इतके महागडे निर्णय कसे होतात? आतल्या माणसांचे हितसंबंध हेच त्याचे कारण नाही का?

उत्तर : हितसंबंध असतात, पण संकटाच्या रात्री त्यांच्याहून मोठी भूमिका घड्याळाची असते. आयर्लंडमध्ये २९ सप्टेंबर २००८ च्या रात्री जे झाले, ते पाहावे. बँकांमधून पैसा वेगाने बाहेर जात होता आणि सकाळी बाजार उघडण्यापूर्वी काहीतरी जाहीर करणे आवश्यक होते. पंतप्रधान ब्रायन कॉवेन, अर्थमंत्री ब्रायन लेनिहान, मध्यवर्ती बँक आणि नियामक संस्थेचे प्रमुख डब्लिनमधील सरकारी इमारतीत बसले होते. देशातील दोन सर्वांत मोठ्या बँकांचे प्रमुखही त्या रात्री तेथे आले, बोलावले की आत जात आणि एरवी बाहेर थांबत. बाकीच्या मंत्र्यांची संमती मध्यरात्र उलटल्यावर दूरध्वनीवरून घेण्यात आली. पहाटेपर्यंत ठरले की, सहा वित्तसंस्थांच्या ठेवींना आणि बहुतेक कर्जरोख्यांना सरकार दोन वर्षांसाठी हमी देणार. हमीची एकूण रक्कम होती सुमारे ४४० अब्ज युरो, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहूनही अधिक.

त्या खोलीत सारा विचार एका गृहीतकावर चालला होता. बँकांकडे रोख रकमेची तात्पुरती टंचाई आहे, मुळात त्या बुडालेल्या नाहीत, हे ते गृहीतक. ते खरे असते तर हमी ही जवळजवळ फुकटची गोष्ट ठरली असती, कारण ती कधी वठवावीच लागली नसती. पण बांधकाम व्यवसायाला दिलेली कर्जे किती कुजली आहेत, याचा विश्वासार्ह हिशेब त्या रात्री टेबलावर नव्हता. बँकांना त्याची जी काही कल्पना होती, ती सांगण्यात त्यांचा फायदा नव्हता. हमी एकदा दिल्यावर रोखेधारकांचे नुकसान करदात्यांच्या अंगावर आले. बँका सावरण्याचा खर्च सुमारे ६४ अब्ज युरोंवर गेला, नोव्हेंबर २०१० मध्ये सरकारला युरोपीय संघ आणि नाणेनिधीच्या दारात जावे लागले, आणि २०११ च्या निवडणुकीत दीर्घकाळ देशावर राज्य केलेल्या फिएना फॉल पक्षाच्या जागा २० वर आल्या.

हा निर्णय बँकवाल्यांना खूश करण्यासाठी झाला, असे म्हणणे सोपे आहे. मला ते अपुरे वाटते. जो राजकारणी एका निर्णयाने स्वतःचा पक्ष बुडवतो, तो निदान आपल्या हिताचे तरी करत नव्हता. आपण ‘हितसंबंध’ म्हणतो त्याचे अधिक सूक्ष्म रूप असे की, बँकांची बाजू सांगणारी माणसे शेजारच्या दालनात होती आणि करदात्याची बाजू सांगणारे कोणीही इमारतीत नव्हते. त्याच्या वतीने बोलायचे ते मंत्री घरी झोपले होते, आणि त्यांना विचारले गेले तेव्हा ‘हो’ म्हणण्याखेरीज दुसरे काही उरले नव्हते.

प्रश्न : मूठभर उद्योगांच्या फायद्याचे आणि सर्वसामान्यांच्या तोट्याचे निर्णय लोकशाहीतही वर्षानुवर्षे कसे टिकतात? मते तर सर्वसामान्यांचीच जास्त असतात.

उत्तर : मते जास्त असतात म्हणूनच, असे चमत्कारिक वाटणारे उत्तर अर्थतज्ज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : एखाद्या धोरणाचा फायदा थोड्या लोकांत वाटला जात असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला मोठी रक्कम येते आणि ती टिकवण्यासाठी संघटित होणे परवडते, तोटा मात्र कोट्यवधींत वाटला जातो, प्रत्येकाला तो इतका किरकोळ वाटतो की त्यासाठी कोणी दिवसाची मजुरी बुडवून मोर्चात जात नाही. अमेरिकेतील साखर धोरण हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. आयातीवरील कोट्यामुळे तेथील साखरेचा भाव दीर्घकाळ जागतिक भावाहून बराच वर राहिला. ग्राहकाला वर्षाकाठी पडणारा भुर्दंड काही डॉलरांचा, तर मोठ्या ऊस आणि बीट उत्पादकांचा फायदा प्रचंड. ग्राहक कोणाला मत देतो हे साखरेच्या भावावर ठरत नाही; उत्पादक मात्र कोणाला देणगी देतो हे केवळ त्यावरच ठरते.

दबावगट म्हटले की आपल्यापुढे पैशांची पेटी येते. ती कोठेच नसते असे नाही. पण रोजच्या व्यवहारात त्यांची ताकद माहितीतून येते. खात्यात त्या विषयाचे काम पाहणारे एक-दोन अधिकारी असतात, तेही दोन वर्षांनी बदलणारे. उद्योगाच्या संघटनेकडे वीस वर्षांची आकडेवारी, वकील आणि तयार मसुदा असतो. कामाच्या ओझ्याखाली दबलेला अधिकारी तो मसुदा घेतो, कारण तो नीट लिहिलेला असतो. येथे कोणीही लाच घेतलेली नसते, तरी कायद्याची भाषा बाहेरून आलेली असते.

अशी व्यवस्था कधी मोडतच नाही असे नाही. ब्रिटनमध्ये जमीनदारांच्या फायद्याचे धान्य-आयातीवरील कायदे १८४६ मध्ये रद्द झाले, आणि ते रद्द करणारे पंतप्रधान रॉबर्ट पील हे जमीनदारांच्याच पक्षाचे होते. पक्ष दुभंगला, आणि विधेयक वरिष्ठ सभागृहात मंजूर झाले त्याच दिवशी कनिष्ठ सभागृहात दुसऱ्या एका प्रश्नावर त्यांचा पराभव होऊन त्यांची सत्ता गेली.

प्रश्न : निवडणूक जवळ आली की सरकार पैसा सैल सोडते. यावर काही उपाय आहे का?

उत्तर : अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी १९७५ मध्ये या प्रवृत्तीची गणिती मांडणी केली. निवडणुकीपूर्वी रोजगार वाढवायचा आणि त्यापायी येणारी महागाई निवडणुकीनंतर सोसायची, असे हे चक्र आहे. उपाय म्हणून अनेक देशांनी व्याजदर ठरवण्याचा अधिकार मंत्र्यांकडून काढून मध्यवर्ती बँकेकडे दिला. ब्रिटनमध्ये १ मे १९९७ च्या निवडणुकीनंतर पाचच दिवसांनी, ६ मे रोजी, नवे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी तसे जाहीर केले. राजकारण्यांचा हात रोखणारा हा निर्णय पंतप्रधान आणि अर्थमंत्री यांनी आपसांत घेतला. नव्या मंत्रिमंडळाची त्यावर चर्चा झालेली नव्हती. दार उघडण्याचा निर्णयही कधीकधी बंद दाराआडच होतो. करकपात आणि अनुदाने मात्र मंत्र्यांच्याच हातात राहिली आहेत, त्यामुळे आपण वर्णन केलेला प्रकार थांबलेला नाही, त्याचा मार्ग तेवढा बदलला आहे.

प्रश्न : मग गुप्तता हवीच कशाला? सर्व बैठका उघडपणे घ्याव्यात, सर्वांना पाहू द्यावे. लोकशाहीत लोकांपासून लपवण्यासारखे काय आहे?

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे, पण गुप्ततेचे सारे प्रकार एका मापाने मोजता येणार नाहीत.

एक गुप्तता निर्णय होईपर्यंतची असते. चलनाचे अवमूल्यन उद्या होणार हे आज कळले, तर आजच सारे जण त्या चलनातून बाहेर पडतील आणि ज्यांना आधी कळले ते गब्बर होतील. जुलै १९९१ मध्ये भारताची परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकी उरली असताना रुपयाचे अवमूल्यन दोन टप्प्यांत झाले, १ जुलै आणि ३ जुलै रोजी. पहिल्या टप्प्यानंतर राजकीय प्रतिक्रिया पाहून पंतप्रधान नरसिंह राव यांचे मन साशंक झाले आणि दुसरा टप्पा थांबवावा असे त्यांना वाटले. अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी ३ जुलैच्या सकाळी रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन केला, तेव्हा नवा दर जाहीर होऊन गेला होता. अल्पमतातील सरकारने हाच निर्णय उघड चर्चेने घ्यायचे ठरवले असते, तर तो कदाचित झालाच नसता, आणि गंगाजळी मात्र चर्चा चालू असतानाच संपली असती. करांविषयीची गुप्तता याच कारणासाठी कडक पाळली जाते. ब्रिटनचे अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये सभागृहात जाता जाता एका पत्रकाराला अंदाजपत्रकातील काही करबदल सांगितले. त्यांचे भाषण त्या मुद्द्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वी ते सायंदैनिकात छापून आले, आणि डाल्टन यांना राजीनामा द्यावा लागला.

दुसरी गुप्तता निर्णय झाल्यानंतरची. बाजाराचे कारण तेथे संपलेले असते आणि उरते ती सोय : कोणी काय सल्ला दिला, कोणता इशारा दुर्लक्षिला गेला, हे झाकले जाते. माझा आक्षेप या दुसऱ्या प्रकाराला आहे. न्यूझीलंडने येथे चांगला मार्ग काढला आहे. तेथे २०१९ पासून मंत्रिमंडळापुढे गेलेली टिपणे निर्णयानंतर ३० कामकाजाच्या दिवसांत प्रसिद्ध करण्याचा प्रघात आहे. अपवाद आहेत, पण प्रसिद्धी हा नियम आहे आणि न करण्याचे कारण द्यावे लागते. ब्रिटनमध्ये सरकारी कागद अभिलेखागारात खुले होण्यासाठी पूर्वी ३० वर्षे लागत, आता ती मुदत २० वर्षांवर आणली आहे. एवढ्या काळात जबाबदार माणसे निवृत्त झालेली असतात.

राहिला बैठकाच उघड करण्याचा मुद्दा. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची व्याजदर ठरवणारी समिती कशी बोलते, यावरून याबाबतीत चांगला प्रकाश पडला आहे. या समितीच्या बैठकांच्या ध्वनिफितींवरून केलेल्या नोंदी अनेक वर्षांच्या जपून ठेवलेल्या आहेत, हे १९९३ मध्ये लोकप्रतिनिधींच्या दबावामुळे उघडकीस आले आणि त्यानंतर त्या पाच वर्षांच्या अंतराने प्रसिद्ध होऊ लागल्या. एलेन मीड आणि डेव्हिड स्टासावेज या संशोधकांनी त्या नोंदींचा अभ्यास केला. आपले बोलणे पुढे छापले जाणार हे कळल्यानंतर सभासद अध्यक्षांच्या प्रस्तावाला तोंडी विरोध कमी प्रमाणात करू लागले, असे त्यांना आढळले. चर्चा उघडी झाली की माणसे तयार भाषणे वाचू लागतात आणि खरे बोलणे बैठकीच्या आदल्या दिवशी फोनवर होते. दार उघडले तरी खलबतखाना शेजारच्या खोलीत हलतो. म्हणून बैठकीचे थेट प्रक्षेपण मागण्यापेक्षा बैठकीपुढे आलेले कागद, त्यांतील पर्याय आणि आकड्यांमागची गृहीतके लवकर मागावीत, असे माझे मत आहे.

प्रश्न : मी काही वर्षे सरकारी नोकरीत होतो. वरून आलेला चुकीचा खर्च मुकाट्याने मान्य करण्याखेरीज अधिकाऱ्यापुढे पर्याय नसतो, असा माझा अनुभव आहे. इतर देशांतही असेच असते का?

उत्तर : बहुतेक ठिकाणी तसेच असते, पण ब्रिटनमध्ये एक उपयुक्त तरतूद आहे. खात्याच्या खर्चाला जबाबदार असलेल्या सचिवाला एखादा खर्च अनुचित किंवा पैशाची उधळपट्टी वाटला, तर तो मंत्र्याला सांगू शकतो की मला लेखी आदेश द्या. तसा आदेश मिळाला की तो खर्च करतो, मात्र तो कागद लेखापरीक्षकांकडे जातो आणि जबाबदारी मंत्र्याच्या नावावर चढते. तोंडी सांगितलेले लिहून मागणे ही साधी गोष्ट आहे; किती मंत्र्यांची सही त्या क्षणी अडखळत असेल, याची आपण कल्पना करू शकता.

या तरतुदीचा सर्वांत गाजलेला वापर मलेशियातील पेर्गाउ धरणासाठी झाला. ब्रिटनने या जलविद्युत प्रकल्पाला २३.४ कोटी पौंडांची मदत देण्याचे ठरवले होते. मदतखात्याच्या अर्थतज्ज्ञांचे मत होते की हा प्रकल्प किफायतशीर नाही, वीज दुसऱ्या मार्गाने स्वस्त मिळेल. पण १९८८ मध्ये दोन्ही देशांत शस्त्रास्त्रविक्रीचा करार होत असताना मदतीचे आश्वासनही त्याच कागदावर आले होते, आणि पुढे पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी मलेशियाला या धरणासाठी शब्द दिला होता. ब्रिटिश कंपन्यांची मोठी कंत्राटे त्यात गुंतलेली होती. खात्याचे सचिव टिम लँकेस्टर यांनी लेखी आदेश मागितला, आणि परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी जुलै १९९१ मध्ये तो दिला. दिलेला शब्द मोडल्यास देशाच्या विश्वासार्हतेला धक्का बसेल, ही हर्ड यांची बाजू होती. ती अगदीच पोकळ होती असे म्हणता येणार नाही, कारण तोपर्यंत शब्द खरोखरच दिला गेला होता.

कागदावर नोंद झाल्यामुळे पुढची पावले शक्य झाली. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने १९९३ मध्ये अहवाल दिला, संसदेच्या समित्यांनी साक्षी घेतल्या, आणि जागतिक विकासासाठी काम करणाऱ्या एका संघटनेने न्यायालयात धाव घेतली. नोव्हेंबर १९९४ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला की, विकासाला मदत करण्यासाठीच्या कायद्याखाली अशा आर्थिकदृष्ट्या अयोग्य प्रकल्पाला निधी देणे बेकायदेशीर होते. धरण मात्र झाले. ब्रिटिश सरकारने मलेशियाशी केलेला करार पाळला, आणि त्यासाठीचे पैसे मदतीच्या तरतुदीऐवजी सरकारच्या राखीव निधीतून काढण्याची वाट धरली.

आपल्या नोकरीच्या काळात अशी सोय असती, तर आपण ती वापरली असती का, हे मला विचारायचे नाही. लँकेस्टर यांनीही आदेश मिळाल्यावर पैसे दिलेच. त्यांनी नकार दिला नाही, राजीनामा दिला नाही. त्यांनी एक पत्र मागितले, आणि बंद दाराआड झालेल्या त्या व्यवहारात सही कोणाची आहे, हे तीन वर्षांनी न्यायालयाला शोधावे लागले नाही.